बगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यात सेवेरिनो

बहिणीच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून नेरेइदा पोलांको ऑगस्टात सान्तियागोला गेली, ती ऑक्टोबर लागल्यावरच सांता रुफिनाला परतली. बस पोचली शुक्रवारी दुपारी तीनला. घरी जाऊन तिनं बॅग खाटेवर टाकली, छत्री आणि बसायची उशी उचलली आणि थेट मैदानाची वाट धरली. हंगामाचा पहिला सामना पुढच्या रविवारी होता. बगळ्यांचा, म्हणजे गावच्या बेसबॉल संघाचा, सराव सुरू होऊन आठवडा लोटला होता आणि एवढा सराव तिनं एकतीस वर्षांत कधी चुकवला नव्हता.

नेरेइदा शाळेचे गणवेश शिवायची. नवरा लवकर गेला. राधामेस हा एकुलता मुलगा, तिनं शिलाईच्या मशीनवर वाढवलेला. बाकी तिला जगात काही हवं असेल तर ते एवढंच, की बगळ्यांनी जिंकावं आणि पलीकडच्या बंदरातल्या खेकड्यांनी हरावं. दोन्ही संघांची नावं कुणी ठेवली कोण जाणे, पण या भागात माणूस जन्मतो तो एकतर बगळा म्हणून, नाहीतर खेकडा म्हणून.

सरावाच्या वेळी फाटक उघडंच असतं. ती पहिल्या बेसच्या बाजूला आपल्या नेहमीच्या पायरीवर बसली. शेजारी फेर्मिन होताच. साखर कारखान्याच्या गल्लीतला हा न्हावी सरावाच्या दिवसांत दुकान चारलाच बंद करायचा. त्यानं बहिणीची चौकशी केली. नेरेइदा उत्तर देत होती आणि बोलता बोलता तिची नजर मैदानावर गेली. एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस बॅट घेऊन उभा होता. डावखुरा. चेंडू येण्याआधी उजवा पाय दोनदा आपटायची त्याची लकब होती. आंधळी झाली असती तरी ती लकब तिनं नुसत्या आवाजावरून ओळखली असती.

"हा इथे काय करतोय?" तिनं विचारलं.

फेर्मिन म्हणाला, "सेवेरिनो? आपल्याकडे आला की. ऑगस्टातच. पेपरात फोटो होता."

पेपर. सान्तियागोला ती दोन महिने बहिणीला बेडपॅन देत होती, पेपर कसला वाचणार. पण राधामेसशी तर रोज फोनवर बोलणं व्हायचं. त्यानं पावसाचं सांगितलं, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांचं सांगितलं, पण याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आता ओविदिओ सेवेरिनो कोण, हे सांता रुफिनात कुणाला सांगावं लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी तो खेकड्यांकडून खेळायचा आणि राधामेस बगळ्यांचा कॅचर होता, होम प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा. सातव्या डावात सेवेरिनो तिसऱ्या बेसवरून सुसाट धावत आला, धाव पूर्ण करायला होम प्लेटकडे जमिनीवर घसरला आणि त्याचा बूट राधामेसच्या गुडघ्यात शिरला. राधामेसला खांद्यावरून उचलून नेलं. सव्वीस वर्षांचा मुलगा, त्यानंतर तो पुन्हा खेळला नाही. आणि त्या दिवसापासून सेवेरिनो या मैदानावर बॅट घेऊन आला की नेरेइदा पायरीवर उभी राहायची, दोन्ही हात तोंडाशी धरायची आणि ओरडायची, "सेवेरिनो, तुझ्या बॅटला वाळवी लागो." एवढंच. पण आवाज असा होता की रेडिओवाला तेवढ्यापुरता थांबायचा. लोक तिच्यासोबत मोजायचे, एक, दोन, तीन, आणि मग सगळी पायरी वाळवी वाळवी करायची. तिचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं नाव झालं ते यामुळेच.

आणि आज तोच माणूस बगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यात उभा होता. त्याहून वाईट म्हणजे त्याला चेंडू कोण टाकत होतं, तर राधामेस. गुडघ्यामुळे त्याला फार वेळ उभं राहता यायचं नाही, म्हणून जाळीमागे स्टुलावर बसून तो बॅटिंगच्या सरावाला चेंडू टाकायचा. संघानं त्याला तेवढं काम ठेवलं होतं. एक चेंडू थेट कुंपणापार गेला. सेवेरिनो काहीतरी बोलला आणि राधामेस एवढा हसला, एवढा हसला, की स्टुलावरून पडतो की काय असं वाटलं.

नेरेइदानं ते बघितलं. राग यायला हवा होता, तो येत होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. ती उठली आणि घरी निघून गेली.

संध्याकाळी राधामेस आला तेव्हा तिनं उकडून कुस्करलेल्या केळ्याचं मांगू आणि तळलेलं सलामी सॉसेज पुढे ठेवलं आणि समोर बसून राहिली. तो जेवू लागला. बहिणीचं विचारलं, बसचं विचारलं. मग त्यानंच घास खाली ठेवला.

"बघितलंस वाटतं."

तिनं विचारलं की फोनवर का नाही सांगितलं. तो म्हणाला, तू मावशीच्या उशाशी बसलेली, तिकडे ओरडली असतीस तर मावशीचं दुसरंही हाड मोडलं असतं. तिला हसू आलं नाही. तेव्हा तो गंभीर झाला आणि म्हणाला की खरं सांगायचं तर सेवेरिनोचं नाव त्यानंच सुचवलं होतं. संघाच्या व्यवस्थापकानं विचारलं, मधल्या फळीत कोण हवा, आणि राधामेसनं एका क्षणात नाव घेतलं. आपल्याकडे मधल्या फळीत डावखुरा नव्हताच.

"मी गुडघ्याचं विचारतेय," ती म्हणाली, "आणि तू मला डाव्या हाताचं सांगतोयस."

राधामेस ताटातल्या कांद्याशी खेळत बसला. मग हळूहळू, एकेक वाक्य करून, त्यानं सांगितलं. त्या दिवशी चूक त्याची होती. चेंडू अजून हातात आलाच नव्हता. चेंडू हातात नसताना कॅचरनं वाट अडवायची नसते. त्यानं पाय टाकून प्लेट अडवली. सेवेरिनो तेव्हा जमिनीवर घसरत होता, थांबणार कसा आणि वळणार कुठे.

नेरेइदानं शांतपणे विचारलं, "मग नऊ वर्षं गप्प का बसलास?"

"सुरुवातीला बरं वाटायचं गं. घरी पलंगावर पडलेला असायचो, रेडिओवर तुझा आवाज यायचा. वाटायचं, आपल्या बाजूनं कुणीतरी आहे. मग उशीर झाला. लोक तुझ्यासाठी यायला लागले. तुला कसं सांगायचं?"

ती रागावली नाही. रडलीही नाही. ताट उचलून मोरीत ठेवलं आणि धुवायचं विसरून नळ नुसताच सोडून उभी राहिली. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. चेंडू राधामेसच्या हातमोज्यात होता. पांढरा, मातीनं एका बाजूला लाल झालेला. नऊ वर्षं तो चेंडू तिला तसाच दिसत होता. आता डोळे मिटले तर तो कधी हातमोज्यात दिसे, कधी हवेत, कधी दिसेच ना.

दुसऱ्या दिवशी ती फेर्मिनच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक खुर्चीत होतं, तोंडाला साबण लावलेलं. तिनं सरळ विचारलं, त्या दिवशी चेंडू आला होता का? फेर्मिननं वस्तरा पुसला आणि इकडेतिकडे बघितलं. गेली नऊ वर्षं तो याच दुकानात तो प्रसंग हातवारे करून सांगत आला होता. सेवेरिनोचा बूट कसा उचलला गेला इथपासून राधामेसच्या डोळ्यांपर्यंत सगळं. शेवटी तो पुटपुटला, की खरं म्हणजे त्या वेळी तो यानिकेके, त्या तळलेल्या पुऱ्या, आणायला खाली गेला होता. गर्दी होती. वर आला तेव्हा राधामेसला उचलत होते.

"मग एवढी वर्षं सांगत काय होतात?"

"तुमच्याकडून ऐकलेलं सांगत होतो, दोन्या." वयानं मोठ्या बाईला इथे आदरानं दोन्या म्हणतात.

साबण लावलेला माणूस फेसाआडून म्हणाला की चेंडू नक्की आला होता, त्यानं बघितला होता. नाक्यावरच्या औषधवाल्या बाईनं सांगितलं की चेंडू नंतर आला, राधामेस खाली पडल्यावर, आणि तो उसळून प्रेक्षकांत गेला. पोस्टातला माणूस म्हणाला, तो सातवा डाव नव्हताच, आठवा होता. नेरेइदा घरी आली तेव्हा तिला एवढंच खात्रीनं माहीत होतं की त्या दिवशी सामना झाला होता.

पुढचे दिवस ती सरावाला जात राहिली, कारण न जाणं तिला ठाऊकच नव्हतं. नवा तरणा पिचर चेंडू कुठेही फेकत होता. दुसऱ्या बेसचा खेळाडू आणि त्याच्या शेजारी उभा राहणारा शॉर्टस्टॉप एकमेकांशी बोलत नव्हते आणि प्रत्येक उंच चेंडू दोघांच्या मध्ये पडत होता. बँडवाले कोपऱ्यात वेगळीच धून वाजवून बघत होते. एरवी तिनं या सगळ्यावर मत दिलं असतं आणि ते खाली मैदानात पोचेल एवढ्या आवाजात दिलं असतं. आता ती गप्प बसून होती. चांगला फटका बसला की हात आपोआप टाळीसाठी वर यायचे आणि फटका कुणाचा ते बघून मांडीवर पडायचे. कारण सगळ्यात चांगले फटके सेवेरिनोच मारत होता.

पहिल्या सामन्याला दोन दिवस उरले असताना, शुक्रवारी, तो सराव संपवून सरळ तिच्या पायरीकडे चालत आला. कुंपणापलीकडे उभा राहिला आणि टोपी काढली. जवळून बघितल्यावर तिला दिसलं की त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. अडतिसाव्या वर्षी खेळणारा माणूस. फेर्मिन आदबीनं दोन पायऱ्या वर सरकला, पण ऐकू येईल इतकाच.

सेवेरिनो म्हणाला, "दोन्या, रविवारी तुम्ही काय ओरडणार आहात, तेवढं आधी सांगाल का?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याचं म्हणणं असं, की हा त्याचा शेवटचा हंगाम. बंदरातली माणसं त्याला फितूर म्हणताहेत, इथली माणसं त्याला अजून खेकडाच समजतात. बाकी कुणी काय ओरडतं ते त्याच्या कानात शिरतसुद्धा नाही. पण तिचा आवाज त्याला शब्दन् शब्द कळतो. बॅट धरली की आधी तो त्या आवाजाची वाट बघतो. आता वाळवी लागणार की नाही लागणार, हे माहीत नसलं तर पाय जागेवर राहत नाहीत.

नेरेइदानं उलट आपलाच प्रश्न विचारला. "चेंडू आला होता का रे?"

त्याला विचारावं लागलं नाही, कुठला चेंडू. तो टोपीची कड बोटांत फिरवत राहिला.

"चेंडूचं मला आठवत नाही, दोन्या. मी डोळे मिटले होते. तो 'आई' म्हणून ओरडला, तेवढं आठवतं."

नऊ वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती स्वतः मैदानात होती, शंभर हातांवर, पण त्या क्षणी ती स्वतःच किंचाळत होती, तिला कसं ऐकू येणार. सेवेरिनो टोपी घालून निघून गेला. फेर्मिन खाली सरकला आणि तोंड उघडणार, एवढ्यात तिनं हातानंच त्याला गप्प केलं.

रविवारी दुपारी चारला सामना होता. दोन वाजताच पायऱ्या भरल्या. फटाके झाले, बिशपनं मैदानाला आशीर्वाद दिला, बँडनं ती वेगळी धून वाजवली आणि चुकवली. ध्वनिक्षेपकावर एकेक नाव येत होतं आणि लोक उसळत होते. चौथं नाव सेवेरिनोचं. त्यावर पायरीवरची सगळी तोंडं नेरेइदाकडे वळली. काही जण मोजायलाही लागले, एक, दोन.

ती उभी राहिली. हात तोंडाशी नेले. काय ओरडायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं. वाटलं होतं, उभं राहिलं की आपोआप येईल. पण आत शिवी होती आणि आशीर्वादही होता, दोन्ही एकदमच दारात आले आणि अडकले. पहिल्या डावात तो बॅट घेऊन आला तेव्हाही ती तशीच उभी. त्यानं उजवा पाय एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटायचा विसरला, आणि तीन चेंडूंत बाद झाला. चौथ्या डावात पुन्हा तेच.

फेर्मिन वैतागला. म्हणाला, "बाई, शिव्या द्या नाहीतर टाळ्या द्या, पण काहीतरी द्या. त्याची दशा बघवत नाही."

आठव्या डावात बगळे एका धावेनं मागे होते. दुसऱ्या बेसवर आपला गडी आणि बॅटवर सेवेरिनो. तो उभा राहण्याआधी त्यानं पहिल्या बेसच्या बाजूला एकदा बघितलं. या वेळी नेरेइदा उठली नाही. बसल्या जागेवरून, घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "चेंडू नीट बघ रे, बाबा." ते त्याच्यापर्यंत पोचायची काही शक्यता नव्हती. फेर्मिनलासुद्धा धड ऐकू आलं नाही. सेवेरिनोनं पहिलाच चेंडू असा मारला की सगळं मैदान उभं राहिलं. चेंडू उजव्या कुंपणाशी गेला आणि खेकड्यांच्या खेळाडूनं कुंपणाला पाठ लावून, उडी मारून तो झेलला. बाद. बगळे तीन-दोन असे हरले.

लोक शिव्या देत पांगले. त्यातल्या बऱ्याच सेवेरिनोला होत्या आणि नेरेइदाला त्या ऐकवेनात. का ऐकवत नाहीत, तेही कळेना. ती राधामेससाठी खेळाडूंच्या दारापाशी थांबली. तो आला, एक हात कठड्यावर ठेवून पायऱ्या उतरत. एक पायरी, मग दोन्ही पाय तिच्यावर, मग दुसरी. तिनं ते आज पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं.

"दुखतो का रे गुडघा?"

राधामेस मध्येच थांबला. त्याला वाटलं, तिला दुसरंच काहीतरी विचारायचं असेल. मग म्हणाला, "चढताना नाही दुखत. उतरताना दुखतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, आई."

तिला आठवेना, आपण हे याआधी कधी विचारलं होतं की नव्हतं. ती दोन पायऱ्या वर गेली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूनं दंड धरला. तो नको म्हणाला नाही. बाहेर ऊन उतरलं होतं, गाडीवाल्याकडे खिमा भरून तळलेले शेवटचे चार किपे उरले होते, त्यांनी ते चारही घेतले आणि भिंतीवर बसून खाल्ले.

मंगळवारचा सामना बंदरात होता, खेकड्यांच्या मैदानावर. राधामेसनं विचारलं, येणार का, संघाच्या बसमागे चाहत्यांची एक बस जाते. ती म्हणाली, येईन की, न येऊन काय करू. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण तिथं तर सगळे त्यालाच शिव्या घालतील."

"घालतील ना. फितूर म्हणतात त्याला."

"मग मी काय करायचं?"

कारखान्याच्या रात्रपाळीचा भोंगा झाला. नेरेइदा बोटं पुसत बसून राहिली आणि तिला ते अजूनही कळलेलं नव्हतं.