एका तुकड्यावरचं प्रोटीन

मर रोगाने तुरीचं शेत वाळून जातं, तरी मधली काही झाडं हिरवीच राहतात. ती कशामुळे तगतात, याचा शोध अयोध्या नांदेडच्या प्रयोगशाळेत घेत होती. मुळांतल्या प्रोटीनचे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरवर तोलायचे आणि वजनांवरून प्रोटीन ओळखायचं, हे तिचं काम. तगलेल्या झाडांत एक वेगळं प्रोटीन सापडलं. तिचे मार्गदर्शक सिद्धराम सर हरखून गेले. त्यांनी परिषदेत ते जाहीरही करून टाकलं.

एका विज्ञान नियतकालिकाने त्यांचा शोधनिबंध स्वीकारला, पण यंत्रातल्या मूळ फायली सर्वांसाठी खुल्या करा म्हणून कळवलं. त्या लावताना अयोध्याने पुन्हा पडताळा घेतला. या खेपेला संगणकात ज्या यादीशी वजनं जुळवायची, तिच्यात खऱ्या प्रोटीनांबरोबर मुद्दाम बनावट प्रोटीनंही घातली. तर काही बनावट प्रोटीनंही तिच्या प्रोटीनइतकीच चांगली जुळली. तिचं प्रोटीन अवघ्या एका तुकड्यावर उभं होतं. ते जुळणं निव्वळ योगायोगही असू शकतं, हे तिने सरांना जाऊन सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं आणि अंतिम तक्ता तेवढा द्यायला सांगितलं. एवढ्या फायली कोण उघडून बघणार, असं त्यांचं म्हणणं.

"सर, मी बघितल्यात," अयोध्या म्हणाली. "आता या प्रोटीनचं नाव माझ्यानं लिहिणं होणार न्हाई."

सर कामापुरतंच बोलू लागले. अयोध्या मागे हटली नाही. शिरूर अनंतपाळच्या शेतातून ताजी मुळं काढून ती लातूरला लुंबिनीकडे गेली. लुंबिनी तिची जुनी मैत्रीण, तिथल्या प्रयोगशाळेत संशोधक.

"कोणतं मूळ तगलेल्या झाडाचं, ते मला सांगूच नको," लुंबिनीने बजावलं.

तिने नमुने स्वतः तयार करून हैदराबादच्या यंत्रावर पाठवले. निकालात ते प्रोटीन कुठेच नव्हतं. मात्र तगलेल्या झाडांच्या मुळांत दुसरी दोन होती, प्रत्येकाचे भरपूर तुकडे जुळलेले, आणि नांदेडच्या जुन्या फायलींतही ती तशीच दिसत होती.

सरांनी आलेख बराच वेळ न्याहाळले. मग निबंध मागे घेत असल्याचं त्यांनी स्वतःच कळवलं, परिषदेलाही.

नव्या निबंधाबरोबर फसलेल्या फायलीही ठेवायच्या का, असं लुंबिनीने विचारलं.

"ठेवायच्या," अयोध्या म्हणाली. "आपलं कुठं चुकलं, तेबी लोकांना दिसू दे."

निबंध उशिरा छापून आला. दावा पहिल्यापेक्षा लहान होता, पण आता कुणीही तपासावा असा होता. त्याच आठवड्यात अयोध्या देगलूरकडच्या तुरीची मुळं काढायला निघाली. या वेळी सरही बरोबर होते.