निळ्या मफलरचा कोपरा

"अहो, हात जरा स्थिर ठेवा की!" मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. दुकानात गिऱ्हाईकं होती. आमच्या ह्यांचे कान लाल झाले.

दुर्गदबैल बाजाराच्या गर्दीतलं ते कॅमेऱ्यांचं दुकान. मधुकरराव, म्हणजे आमचे हे, साबणाच्या वडीएवढा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन दारात उभे होते. दोन्ही हात लांब करून त्यांनी समोरच्या लिंबांच्या गाडीचा फोटो काढला होता. कॅमेऱ्याच्या पाठीवर तो उमटला, तर काय? लिंबं नाहीत, गाडी नाही, नुसता पिवळा फराटा. दुसरा काढला, तोही तसाच.

हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली होती. आता हे असंच राहणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली ह्यांनी, पण ऑफिसात त्यांना कारकून म्हणून ओळखत कोण होतं? साहेबांची बदली असो की शिपायाच्या मुलीचं लग्न, "मधुकरअण्णांना बोलवा, कॅमेरा घेऊन!" स्वतःचा निरोपसमारंभ आला तेव्हा मात्र कॅमेरा धरायला कोणी मिळेना. कोणीतरी धरला एकदाचा. त्या फोटोत हार आहे, नारळ आहे, आणि ह्यांचं डोकं अर्धंच आहे. मी तो बघून अजून हसते. हे हसत नाहीत.

आता दिवाळीनंतर दार्जिलिंगला जायचं ठरलं होतं. केशवापूरच्या घरात आमच्या स्वयंपाकघरात बर्फाच्या शिखराचं एक कॅलेंडर होतं, कुठल्या काळातलं कोण जाणे. "रिटायर झालो की तिथं जाऊन हा फोटो मी काढणार," हे पालुपद ऐकत मी इतकी वर्षं भाकरी थापल्या. जुना रोलचा कॅमेरा बिघडला होता, म्हणून नवा घ्यायला आलो होतो. आमच्या लेकीचा, शुभांगीचा, बंगळूरहून फोनवर हुकूम झाला होता. "अप्पांना छोटाच घे, आई. प्रवासात खिशात मावतो. डीएसएलआर म्हणजे गळ्यात लोढणं." माझंही तेच मत होतं. तो मोठा कॅमेरा, त्याची पिशवी, त्याचा चार्जर, शेवटी सगळं कुणाच्या खांद्यावर येणार? माझ्याच ना!

"भाळ हगुर ऐत्री, सर," दुकानदार महेश म्हणाला. "अगदी हलका. वयस्कर मंडळी सगळी हाच नेतात."

'वयस्कर' ऐकल्याबरोबर ह्यांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"चल, लीला. फोटो तूच काढ तिथं. नाहीतर राहू दे. जायचंच कशाला?"

आवाज रागाचा असता तर मी तिथंच भांडले असते. पण तो रागाचा नव्हता. आज हा माणूस रिकाम्या हातांनी घरी गेला, तर दार्जिलिंग राहिलं बाजूला, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जाणार नाही, हे मला कळून चुकलं.

महेशही वरमला. त्यानं समजूत काढायला चहा मागवला. ह्यांनी खुर्चीवर बसून काउंटरला कोपर टेकवलं, कप तोंडाजवळ धरला आणि चहा संपवला. थेंबही सांडला नाही. घरी मीच ओरडून ओरडून शिकवलं होतं ते. हात लांब केला की नाचतो, कोपर टेकलं की गप्प बसतो.

मी कपाकडे बघितलं. मग त्या साबणाच्या वडीकडे बघितलं. हात लांब करून धरायची वस्तू ती! अय्यो, आम्ही मायलेकी एवढ्या शहाण्या, आणि हे डोक्यात आलं नाही.

"महेशअण्णा, तो मोठा काढा."

"अक्का, तो जड आहे. सरांच्या हाताला..."

"असू दे जड. डोळ्याला लावून बघायचा ना तो? मग काढा."

"अगं, छोटा धरवत नाही आणि मोठा धरवेल?" हे म्हणाले.

"चहा प्यायलात तसा धरा. कोपरं पोटाशी, कॅमेरा कपाळाशी. तेवढं ऐका माझं."

त्यांनी तसा धरला, लिंबांवर रोखला. या खेपेला लिंबं दिसली, पण कडा अजून पुसटच होत्या. "हलतंच गं," ते पुटपुटले.

मी उठले, दुकानाच्या पायरीवर गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

"टेकवा."

"काय?"

"कॅमेरा. माझ्या खांद्यावर. नाहीतरी तिथंच येणार होता तो."

"लोक बघताहेत, लीला."

"बघू देत की! परक्या बाईचा खांदा आहे काय?"

खांद्यावर वजन आलं. कानाशी त्यांचा श्वास लागला. आणि मग तो जुना आवाज आला, लग्नांच्या मांडवात भल्याभल्यांना दटावणारा. "हलायचं नाही. श्वास रोखून धर." किती दिवसांनी ऐकला मी तो! माझे डोळे भरून आले, आणि हलायचं नाही म्हणून पुसताही येईनात.

फोटो आला. एकेक लिंबू वेगळं दिसत होतं, आणि मागे गाडीवालीचा रागावलेला चेहरा.

"फोटो काढला, आता लिंबं घ्या की!" ती ओरडली. घेतली. कॅमेराही घेतला, तोच, मोठा, जड.

दार्जिलिंगला पहाटे कुडकुडत उभी होते तेव्हाही माझ्या खांद्यावर तो होताच. शिखरावर ऊन आलं. मी ते पाहिलं, आणि माझ्या कानामागून ह्यांनी. मी श्वास रोखून धरला. बरेच फोटो हलले. एक मात्र असा आला की त्या कॅलेंडरवाल्यानं बघत राहावं.

शुभांगी आली तेव्हा तिनं तो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. "अप्पा, काय सुंदर आलाय! फक्त खाली कोपऱ्यात हे निळं काय मध्ये आलंय? आईचा मफलर वाटतं. कापून टाकते हं, एका मिनिटाचं काम."

"नको," हे म्हणाले. "तेवढं राहू दे."

कॅलेंडरच्या खिळ्यावर आता तो फोटो आहे, कोपऱ्यातल्या निळ्यासकट. सकाळी टेबलाला कोपर टेकवून हे चहा पितात आणि त्याच्याकडे बघत बसतात. मग मला विचारतात, "पुढच्या वर्षी कुठं जायचं गं?"