पाहुण्यांची वाक्यं

“कॅन आय लीव्ह माय बॅग हिअर?” वहिनींनी विचारलं.

काउंटरपलीकडच्या परदेशी पाहुण्यानं आधी स्वतःच्या बॅगेकडे पाहिलं, मग वहिनींकडे. बॅग इथं ठेवू का, हे खरं तर त्यानं विचारायचं होतं. विचारत होती ती हॉटेलच्या सामानखोलीची बाई. त्यानं बॅग दोन्ही हातांनी जवळ ओढली.

मागून मॅनेजरबाई आल्या, हसून त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्या आणि टोकन दिलं. तो गेल्यावर म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही इथं राहायला आलाय की कामाला?”

“चुकलं, बाई. तोंडात तेच बसलंय.”

“मग उठवा त्याला तिथून! शनिवारी मोठा ग्रुप येतोय. मी शेजारी उभी राहून ऐकणार. जमलं तर ठीक, नाहीतर मला तुम्हाला खाली धुलाईत पाठवावं लागेल. दादांच्या मागे तुम्हाला इथं घेतलं ते माझ्या शब्दावर. माझाही शब्द राहू दे.”

दादा म्हणजे वहिनींचा नवरा. ही खोली वर्षानुवर्षं त्यांनी सांभाळली होती आणि गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. इंग्रजी ते घरीच शिकले. जेवणं झाली की स्वयंपाकाचा ओटा म्हणजे काउंटर. त्यामागे दादा उभे राहायचे, आणि पाहुणा कुणीतरी हवा म्हणून ओट्याच्या अलीकडे वहिनी, हातात भाजीची पिशवी घेऊन. “यस, मॅडम?” असं दादांनी नाक चिमटीत धरून म्हटलं की मुलगी हसून लोळायची. पाहुण्यांची वाक्यं वहिनींना पाढ्यांसारखी पाठ झाली. दादांची त्यांनी एका कानानं ऐकली; दुसऱ्या कानात उद्याच्या डब्याची काळजी असायची.

त्या दुपारी वर्दळ ओसरल्यावर वहिनींनी खोलीचं दार लावलं. खिडकी नसलेली खोली, तिन्ही भिंतींना रॅक, चामड्याचा आणि रबरी चाकांचा वास. त्यांनी विचार केला, आपण पाहुण्याच्या जागी उभं राहावं, आपली वाक्यं म्हणावीत, म्हणजे दादांची आपोआप आठवतील.

“कॅन आय लीव्ह माय बॅग हिअर?”

“सर्टनली, मॅडम.”

हे आठवलं नव्हतं. ऐकू आलं होतं. काउंटरमागून, उभ्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून. ‘मॅडम’च्या आधी दादांचा तोच किंचित थांबा.

वहिनींनी पंखा बंद केला आणि पुन्हा विचारलं. उत्तर पुन्हा आलं, आता जास्त स्पष्ट. त्यांनी भिंतीतल्या पाइपला कान लावला. रॅकच्या मागे हात घालून पाहिलं. धूळ होती, बाकी काही नव्हतं.

“अहो, तुम्हीच ना?”

काहीच नाही.

“पोरगी बरी आहे. वरच्या वर्गात गेली. तुमची चप्पल अजून तिथंच ठेवलीय.”

तरी काहीच नाही. मग वहिनींनी घसा साफ केला आणि म्हटलं, “आय विल कलेक्ट इट इन द ईव्हनिंग.”

“प्लीज कीप धिस टोकन सेफ, मॅडम,” आवाज लगेच म्हणाला.

त्या ‘मॅडम’मध्ये घरची खोडी नव्हती. ते कुणा परक्या बाईला म्हटलेलं होतं. वहिनींनी घाईनं दार उघडलं. पण दुसऱ्या दिवशी दुपार व्हायची त्या वाटच पाहत होत्या.

अशी त्यांची शिकवणी सुरू झाली. एक दिवस एका पाहुण्याला त्यांनी न अडखळता “सर्टनली” म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाल्या. त्या दुपारी मात्र बॅग ठेवण्याच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. असेल योगायोग, असं त्यांनी मनाला सांगितलं. मग टोकनचं वाक्य जमलं, आणि त्याचंही उत्तर यायचं थांबलं. वहिनी फार शिकलेल्या नव्हत्या. पण दोनदा एकच घडलं की तिसऱ्यांदा काय होईल, हे कळायला शाळा लागत नाही.

आता एकच उरलं होतं. “विल इट बी सेफ?” असं विचारलं की आवाज म्हणायचा, “वी विल लुक आफ्टर इट, मॅडम. डोन्ट वरी.” वहिनी ते रोज ऐकत. स्वतःच्या जिभेवर मात्र येऊ देत नसत.

“आई, शेवटचं म्हण ना,” मुलगी घरी तालीम घेताना म्हणाली.

“ते येतं मला.”

“मग म्हणून दाखव!”

“दूध उतू जाईल बघ.”

“गॅसवर दूधच नाहीये, आई.”

शनिवारी ग्रुप आला. मॅनेजरबाई हाताची घडी घालून शेजारी उभ्या होत्या. वहिनींचं एकेक वाक्य बिनचूक निघत गेलं, रॅक भरत गेले. सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली. लहानशी बॅग तिनं पोटाशी धरली होती.

“विल इट बी सेफ?” तिनं विचारलं.

मॅनेजरबाई खाकरल्या. नुसती मान हलवून टोकन पुढे सरकवावं, असं वहिनींच्या मनात आलं. धुलाई तर धुलाई. पण खाली गेलं तरी ही खोली सुटणारच होती, आणि खोलीबरोबर आवाजही.

म्हातारीनं पुन्हा विचारलं, आणखी हळू. बॅगेचा पट्टा धरून तिची नखं पांढरी पडली होती. हा प्रश्न आपण इतके दिवस नुसता विचारत होतो, वहिनींना वाटलं. हिला उत्तर हवंय.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “वी विल लुक आफ्टर इट,” आणि नकळत किंचित थांबून, “मॅडम. डोन्ट वरी.”

म्हातारीची बोटं सैल झाली.

“वा, वहिनी!” मॅनेजरबाई म्हणाल्या. “थेट दादाच! आता खोली तुमची, कोण काढतंय बघते.”

दुपारी वहिनींनी दार लावलं, पंखा बंद केला आणि काउंटरच्या अलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

“विल इट बी सेफ?”

रॅकवर बॅगा रांगेनं उभ्या होत्या. वहिनींनी परत विचारलं. बऱ्याच वेळानं तिसऱ्यांदाही विचारलं.

मग, विचारलंय तर कुणीतरी उत्तर द्यायला हवं, म्हणून त्या वळसा घालून काउंटरमागे गेल्या.