पाठीमागून काढलेले फोटो

शिंपिणीला कपड्यातलं सगळं कळायचं, पण फोटो काढून त्यावर खुणा करण्यापलीकडे फोनमध्ये काही करायचं म्हटलं की तिची त्रेधातिरपीट उडायची. म्हणून बाईंनीच तिचा फोन हातात घेतला. बाई म्हणजे तिला शाळेत शिकवलेल्या, आता निवृत्त. आज त्यांच्या नव्या कोटाची फिटिंग होती आणि कारागिराचं बाही जोडणं अजून व्हायचं होतं. तेवढ्या वेळात त्यांनी शिंपिणीला एक खेळ उतरवून दिला. आपल्याच फोटोंचे पत्ते होतात, त्यांच्या जोड्या लावायच्या; नात आणि त्या रोज खेळतात म्हणे. सगळे फोटो पाहू का, असं खेळाने विचारलं. शिंपिणीने न वाचताच 'हो' दाबलं.

पहिल्या पत्त्याखाली तिचा नवरा निघाला, तोंड उघडं टाकून घोरणारा. दोघी पोट धरून हसल्या. दुसऱ्या पत्त्याखाली बाईंची पाठ निघाली.

दुकानाची ही जुनी पद्धत. गिऱ्हाईक फिटिंगला उभं राहिलं की पाठीमागून फोटो काढायचा, खांदे सारखे दिसावेत म्हणून कपड्यात जिथे कापूस भरायचा तिथे लाल गोल करायचा आणि कारागिराला चटकन ओळखू यावं म्हणून वर एक नाव टाकायचं. बाईंच्या उतरत्या डाव्या खांद्याभोवती गोल होता. वर लिहिलं होतं: उंट.

नाव शिंपिणीनेच ठेवलं होतं, आणि कारागिरासोबत त्यावर फिदीफिदी हसलीही होती. आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ओढून घ्यावा तर हात उचलवेना.

बाईंनी आणखी दोन पत्ते उलटले. मग एकाखाली तीच पाठ सापडली. जोडी जुळली म्हणून फोनने टाळ्या वाजवल्या. त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला.

तेवढ्यात कोट आला. बाई तो घालून आरशासमोर उभ्या राहिल्या, कधी नव्हे इतक्या ताठ. डावा खांदा त्यांनी कसाबसा वर उचलून धरला होता. मानेची शीर ताणली होती. असा टाचला तर घरी गेल्यावर कोट एका बाजूने लोंबणार, हे शिंपिणीला दिसत होतं. सांगणं भाग होतं.

"बाई, जरा नेहमीसारख्या उभ्या राहा ना."

"नेहमी कशी उभी राहते गं मी?" बाईंनी आरशातूनच विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शिंपिणीने टाचण्या तोंडात धरल्या. न बोलायला तेवढंच निमित्त. आणि त्या उचललेल्या खांद्याच्या मापानेच तिने कोट टाचला. शेवटची टाचणी लागेपर्यंत बाईंनी श्वास सोडला नाही.