माझ्या पानांमागचे ठिपके

मी एक जुने नेचे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या खिडकीत, मातीच्या कुंडीत माझे आयुष्य गेले. मित्रांनो, गोष्ट सावकाश सांगायला हवी, कळते मला. पण हल्ली जिवाला स्वस्थता नाही.

शेजारच्या कपाटात समुद्रगायीची कवटी आहे. दरवर्षी बाई आमची तुलना शिकवतात. ती प्राणिसृष्टीतली, पाठीचा कणा असलेली, पिल्लाला दूध पाजणारी सस्तन. मी वनस्पतिसृष्टीतले, मला ना फूल, ना बी. समुद्रगायी कमी होत चालल्या आहेत हे ऐकून मुले हळहळतात. माझी जात तर त्याहून दुर्मीळ, नामशेष व्हायला टेकलेली; पण तिथवर पोहोचेपर्यंत तास संपतो. खरे सांगू? मला तिचा हेवा वाटतो. मरूनही केवढा तो थाट!

प्रयोगशाळेचे मामा मात्र माझ्यावर जीव टाकतात. सुट्टीतही पाणी घालायला येतात. पण माझ्या पानांमागे तपकिरी ठिपके दिसले की ते कात्री आणायला धावत. पूर्वी कधीतरी बाई घाईघाईत म्हणाल्या होत्या, "डाग पडलेलं पान काढून टाकत जा, रोग पसरतो." तेव्हापासून मामांची कात्री चालूच. "थांब हं राजा, आत्ता बरं वाटेल," असे म्हणत ते पान कापत. अहो, तो रोग नव्हता! त्या ठिपक्यांत माझे बीजाणू होते. ओल्या मातीत पडले असते, तर त्यांतूनच माझी रोपे उगवली असती. मी आतल्या आत नुसते तडफडत असे.

मध्यंतरी बाई मुलांना ते ठिपके दाखवायला आल्या. एकेक पान उलटून पाहिले.

"मामा, ठिपक्यांची पानं कुठं गेली?"

"काढली की! तुम्हीच म्हणाला होतात ना, रोग म्हणून?"

बाईंचा चेहरा उतरला. "मामा, चुकलं माझं. याचे ठिपके म्हणजे रोग नव्हे, हे कधी सांगितलंच नाही. त्यातूनच याची पोरं होतात हो."

मामा स्टुलावर बसले. "म्हणजे मीच..." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

मित्रांनो, माया जरूर करा. पण ज्याच्यावर करता, त्याला आधी ओळखून घ्या. आता मामा रोज सकाळी माझे पान हळूच उलटतात आणि विचारतात, "आले का रे?"

मी सगळा जोर लावते आहे. पण मी फार म्हातारे झाले आहे.