टाकीचं विरजण

पूर ओसरला, पण नगरपंचायतीच्या सांडपाणी केंद्रातली मोठी टाकी काही सावरली नाही. ट्रान्सफॉर्मर पाण्याखाली गेल्यानं नऊ दिवस वीज नव्हती. टाकीत हवा सोडणारी यंत्रं बंद पडली आणि घाण खाणारे जिवाणू गुदमरून मेले. वीज आल्यावर यंत्रं पुन्हा घरघरू लागली, तरी पाणी काळंच. गावाचं सांडपाणी जसं यायचं तसंच कृष्णेत जायचं.

क्रांती तिथली ऑपरेटर. आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी लागलेली. रोज सकाळी केंद्राच्या दारात हरिबा येऊन उभा राहायचा. नदीच्या खालच्या अंगाला त्याचा ऊस आणि चार म्हशी.

"म्हशी पाण्याला तोंड लावत न्हाईत, पोरी. तुमी हितं करता तरी काय?"

पहिले दोन दिवस तिनं "साहेबांना कळवलंय" म्हणून त्याची बोळवण केली. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला टाकीच्या कठड्यापाशी नेलं. "आवं काका, दह्याला विरजण लागतं न्हवं? ह्या टाकीचं विरजणच मेलंय. आता चालू टाकीतला जिवंत गाळ आणून घालायला पायजे. सांगलीच्या अलीकडं एक केंद्र हाय, ते द्यायला तयार हायत. पण टँकर दिवाळीनंतर मिळंल, म्हणतात नगरपंचायतीचे साहेब."

हरिबानं कठड्यावरून वाकून काळं पाणी बघितलं.

"टँकर माज्याकडं हाय."

"मैला भरायचाय त्यात, काका."

"मग? धुऊन घिऊ की."

क्रांतीनं साहेबांकडून पत्र आणलं आणि हरिबाचा ट्रॅक्टर निघाला. गाळ भरून परतताना वाटेत टायर बसला. ऊन रणरणत होतं. कोंडला तर हाही गाळ मरेल, या धास्तीनं क्रांती टँकरवर चढली आणि झाकण उघडून बांबूनं ढवळू लागली. तिच्या हाताला फोड आले. खाली टायर बदलून झाल्यावर हरिबानं नाकावरचा टॉवेल सोडून डोक्याला बांधला, वर चढला आणि तिच्या हातातला बांबू काढून घेतला.

"तू बस जरा. माज्या आयुष्यात लय शेण ढवळलंय मी."

अशा चार खेपा झाल्या.

मग रोज क्रांती टाकीतलं पाणी काचेच्या उंच भांड्यात भरून अर्धा तास ठेवायची. आठवडाभर भांडं नुसतं गढूळ दिसायचं. अकराव्या दिवशी तपकिरी गाळ सावकाश तळाशी बसला आणि वर नितळ पाणी उरलं. तिचा विश्वास बसेना. तिनं भांडं धुतलं, पुन्हा भरलं. शेजारी हरिबा उकिडवा बसून होता. अर्ध्या तासानं त्यानं भांड्याच्या पलीकडं आपली बोटं धरली. पाचही मोजता आली.

"जमलं म्हणायचं," तो म्हणाला.

आठवड्याभरात नदीच्या पाण्याचा वास गेला. म्हशी काठाशी थबकल्या आणि पाणी हुंगून आत उतरल्या. हे सांगायला हरिबा आला, तेव्हा क्रांती टेबलाशी अर्ज लिहीत होती. ट्रान्सफॉर्मर पूररेषेच्या वर, उंच ओट्यावर बसवावा, असा.

"पुढल्या सालीबी पाणी येणारच की," ती म्हणाली.

हरिबानं खिशातला चष्मा काढून अर्ज सगळा वाचला.

"खाली माजी सही घे. आन जागा सोड बरीच. आमच्या खालच्या अंगाची समदी माणसं घिऊन येतो दुपारी."