कपाटातला राउटर

कुलूपकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं किल्ल्या सांभाळलेल्या या गृहस्थांच्या घरी चहाच्या डब्यालाही कुलूप होतं. त्यामुळे गल्लीने दुसरं नाव लक्षात ठेवायची तसदी घेतली नाही.

सुट्टीत त्यांची सात वर्षांची नात आईबाबांशिवाय पहिल्यांदाच राहायला येणार होती. काकांनी तिला फोनवर शब्द दिला होता, की कुंपणावर दिव्यांची माळ लागेल आणि तिचे रंग तूच मोबाइलवरून बदलायचे. माळ लागली; पण दिव्यांपर्यंत वायफाय नीट पोचेना. निळा रंग मागितला की निम्मे निळे होत, बाकीचे हट्टाने पिवळेच राहत आणि फाटकाजवळचे सहा तर डोळेच उघडत नसत. नात उद्या संध्याकाळी येणार होती.

काकांचं निदान महिनाभरापासून तयार होतं. शेजारीण नेट चोरते! शेजारच्या बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, काकूंशी कुंपणावरून रोज गप्पा मारणाऱ्या. काकांनी चार वेळा पासवर्ड बदलला. शेवटचा इतका अवघड निघाला, की तो कागदावर लिहून खिशात बाळगावा लागला. मग राउटर लोखंडी कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. तेव्हापासून दिवे जास्तच रुसले. याचा अर्थ चोरी वाढली, असं ठरवून काकांनी काकूंना बाईंशी बोलणं बंद करायला सांगितलं. काकूंनी ते केलंही, पण नवऱ्याशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनीच बाईंना बोलावून घेतलं. काकांनी घसा खाकरत आपला आरोप कसाबसा सांगितला. बाईंनी पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला. तो साधा, बटणांचा होता. घरात दुसरं यंत्र नाही, हेही त्यांनी सांगितलं आणि राउटर कुठे आहे ते विचारलं. काकांनी कपाट थोड्या अभिमानानेच उघडलं.

"भावजी, तुम्ही बसा यात," बाई म्हणाल्या. "मी दार लावून फाटकापाशी जाते आणि तिथून बोलते. काय ऐकू येतं ते सांगा."

"बसा की," काकूंनी दोन दिवसांत पहिल्यांदा नवऱ्यापुढे तोंड उघडलं. "आम्हालाही तेवढीच शांतता."

काका बसले नाहीत, पण खाली बघू लागले.

"लोखंडाआड सिग्नल अडतो," बाई म्हणाल्या. "एक्स्चेंजमध्ये रोज तक्रारी यायच्या, की कोणीतरी आमची लाइन चोरतंय. बिघाड बहुतेक वेळा त्यांच्याच घरात सापडायचा."

राउटर बाहेर काढून खिडकीजवळच्या उंच फळीवर ठेवला, तशी सगळी माळ निळी झाली. फाटकाजवळचे सहा दिवे तेवढे राहिले. सिग्नल पुढे पोचवणारं एक छोटं यंत्र काकांकडे होतं, पण त्या बाजूला त्यांच्या घरात प्लगच नव्हता. फाटकाला सगळ्यात जवळची होती ती बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी. "माझ्याकडे लावा," बाई म्हणाल्या.

बाईंच्या स्वयंपाकघरात यंत्र जोडायला पासवर्ड हवा होता. काकांचा मोबाइल बाईंच्या हातात होता आणि काका कागदावरून कुजबुजत एकेक अक्षर सांगत होते. जुन्या सवयीने बाई प्रत्येक अक्षर खणखणीत आवाजात परत म्हणत होत्या, तेही उघड्या खिडकीपाशी. काकांच्या कपाळाला घाम आला. शेवटच्या अंकाबरोबर सहाही दिवे लागले.

काका निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"बाई, मी तुम्हाला चोर ठरवलं. चुकलं माझं."

"चुकलंच," बाई म्हणाल्या. "चहा घेणार का?"

संध्याकाळी नातीने कुंपण लाल केलं, हिरवं केलं, पुन्हा लाल केलं. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी काकू आणि बाई तिला रंग सुचवत होत्या. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलेला पासवर्ड काकांनी त्या दिवशी तरी बदलला नाही.

वाचकहो, घरातलं काही चालेनासं झालं की आपली नजर आधी शेजाऱ्याकडे वळते. ती आधी आपल्या घरात फिरवावी. आणि चूक आपलीच निघाली, तर ज्याच्यावर आळ घेतला त्याच्या दारात जाऊन तसं सांगावं. राउटर हलवायला दहा मिनिटं पुरतात. हे दुसरं काम अवघड आहे, पण तेही करायलाच हवं.